डी ड्राइव्हचा भरवसा

नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार असो वा कॉलनीतला जाणता मुलगा, पहिला प्रश्न ठरलेला: "पार्टिशन पाडून देऊ का?" मग ५१२ जीबीच्या डिस्कचे तुकडे होतात. विंडोज ती ४७६ जीबीच दाखवते, पण त्यात कोणी फसवलेलं नसतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तर १०० जीबीचा सी, उरलेल्याचा डी. फोटो, कागदपत्रं डीमध्ये टाकली म्हणजे ती सुरक्षित, हा समज पक्का. माझं म्हणणं असं की ही वाटणी आता संरक्षण देत नाही, नुसता भरवसा देते, आणि त्या भरवशावर लोक बॅकअप घ्यायचं टाळतात.

ही सवय आली ती नाइलाजातून. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीत फॅट१६ मुळे एक पार्टिशन २ जीबीहून मोठं करताच येत नसे. १९९६ मध्ये फॅट३२ आलं आणि ती सक्ती संपली. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये पुढेही वाटणीला थोडा अर्थ होता, कारण बाहेरच्या कडेला वाचन-लेखन वेगाने होतं आणि पहिलं पार्टिशन सहसा तिथेच बसतं. एसएसडीत तबकडीच नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर डेटा आपल्या हिशेबाने चिपांवर पसरत राहतो. सी आणि डी यांच्यातली जी भिंत आपल्याला स्क्रीनवर दिसते, ती आत कुठेच नसते. डिस्क गेली की दोन्ही जातात. लॅपटॉप चोरीला गेला तरी तेच.

यावर हमखास उत्तर येतं की विंडोज बिघडलं तर सी फॉरमॅट मारायचा, डी शाबूत राहतो. हे खरं आहे. पण विंडोज १० आणि ११ मधल्या रिसेटमध्ये आपल्या फाइली ठेवण्याचा पर्याय असतोच, त्यासाठी डी लागत नाही. आणि पेनड्राइव्हवरून नव्याने विंडोज टाकताना समोर सी, डी ही अक्षरं नसतात. पार्टिशन १, २, ३ असे आकडे आणि आकारमान दिसतं. घाईत चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं जाणं अवघड नाही. शिवाय २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जाते. खात्याचा पासवर्ड विसरलात आणि की कुठे लिहून ठेवली नसेल, तर सीबरोबर डीलाही कुलूप. दुसरा आक्षेप नीटनेटकेपणाचा. त्याला फोल्डर पुरतात. लिनक्स सोबत टाकायचं असेल तर मात्र वेगळं पार्टिशन हवंच, तिथे माझा वाद नाही.

उलट त्रास रोजचा आहे. सी भरतो, अपडेट अडतात, डी अर्धा रिकामा. वाढवायला जावं तर एक्स्टेंडचा पर्याय करडा, कारण मोकळी जागा सीला लागून उजवीकडेच हवी आणि मध्ये डी किंवा रिकव्हरीचं पार्टिशन ठाण मांडून बसलेलं.

म्हणून पार्टिशनवर घालवायचा तास दुसरीकडे लावावा. काहीही पुसण्याआधी ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार करावा. काही इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. कंपनीच्या साइटवरून स्टोरेज ड्रायव्हर आधीच त्यात घेऊन ठेवावा. लायसन्सची चिंता नको, विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपमध्ये ते सहसा मदरबोर्डवरच नोंदलेलं असतं. छोटी, बिननावाची पार्टिशनं कचरा समजून उडवू नयेत. त्यातल्याच एकातून लॅपटॉप सुरू होतो. रिकव्हरी की वहीत लिहावी. आणि डीसाठी राखलेल्या जागेऐवजी बाहेरची एक डिस्क घ्यावी. कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.