मांजराचे पथ्य

आपल्या भाषेत ‘वावडे’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला शेंगदाण्याचे. दहा जणांना पचणारा पदार्थ अकराव्याला बाधतो. तेव्हा दोष पदार्थाचा नसतो. त्या देहाला तो मानवत नाही, एवढेच. डॉक्टर ज्याला ‘ॲलर्जी’ म्हणतात, तो वावड्याचाच एक प्रकार होय. हा शब्द फारसा जुना नाही. ज्या १९०६ साली सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच साली क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने ‘अन्य’ व ‘क्रिया’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडविला. मांजरांनाही असे वावडे असू शकते. मात्र माणूस ‘हे मला सोसत नाही’ असे सांगू शकतो. मांजराला ते सांगता येत नाही. त्याच्या वतीने विचार आपणांसच करावा लागतो. तो कसा करावा, हे या पाठात पाहू.

समजा, दांडिया बाजारातील एका घरी मनी नावाची मांजरी आहे. तिला बारा महिने खाज सुटते. डोके, कान आणि मान ती नखांनी ओरबाडते. केस गळतात, खपल्या धरतात. मधूनमधून ओकारी होते. घरातील एक जण म्हणतो, दूध बंद करा; दुसरा म्हणतो, मासे बंद करा; आजींना वाटते, उष्णता झाली आहे. प्रत्येकाचे ऐकून रोज एक पदार्थ काढला व दुसरा घातला, तर महिनाअखेर मनी तशीच खाजवीत राहील आणि घरच्यांच्या ज्ञानात काडीचीही भर पडलेली नसेल.

अन्नावर आळ घेण्यापूर्वी इतर कारणे तपासली पाहिजेत. त्यांत पहिला मान पिसवांचा. मांजर अंग सतत चाटीत असल्यामुळे पिसवा आपल्या दृष्टीस पडतीलच असे नाही. पण ज्या मांजराला त्यांच्या लाळेचे वावडे असते, त्याला थोड्याशा चाव्यांनीही अनावर खाज सुटते. गोचिडांसारखे सूक्ष्म परजीवी आणि कातडीवरील बुरशी हेही संशयित होत. हा निवाडा घरी होत नाही. त्यासाठी पशुवैद्यच हवा. आपल्या बडोद्याजवळ आणंद येथे तर १९६४ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे.

दुधाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही व त्यामुळे जुलाब होतात. हे पचनाचे दौर्बल्य झाले. ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत देहाचे रक्षण करणारी यंत्रणा अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. म्हणून ‘ती तर वर्षानुवर्षे हेच खात आली’ हा पुरावा ठरत नाही. रोजच्या खाण्यातील पदार्थच एके दिवशी नकोसा होऊ शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ७८ मांजरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोमांस, मासे आणि कोंबडी हे मुख्य अपराधी आढळले. मी कोंकणी घरातली; आमच्याकडे मांजर आणि मासळी ही जोडी अतूट मानतात. तरीही पुराव्यापुढे परंपरेने नमते घेतले पाहिजे.

रक्त तपासून या वावड्याचा भरवशाचा निर्णय होत नाही. खरी कसोटी एकच, ती म्हणजे पथ्य. मनीने पूर्वी कधीही न खाल्लेल्या एखाद्या प्राण्याचे मांस तिला द्यावयाचे. किंवा ज्यातील प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की देहाला त्यांची ओळखच पटू नये, असे तयार खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने आणावयाचे. याखेरीज दुसरे काहीही नाही, आणि हे निदान आठ आठवडे. इतका काळ का? पूर्वीचा दाह ओसरून कातडी भरून येण्यास तेवढा वेळ लागतो. पंधरा दिवसांत निराश होणारा मनुष्य उत्तर येण्याआधीच पाटी पुसून टाकतो.

येथे दोन धोके ध्यानात ठेवावेत. अन्न एकाएकी बदलू नये; सात ते दहा दिवसांत जुने कमी करीत नवे वाढवीत जावे. ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय मांजराला लावणे घातक आहे. दोनतीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. दुसरा धोका असा की, मांजर हा जातिवंत मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या अन्नात नसेल, तर डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे १९७५ साली दिसून आले. हृदयही दुर्बल होते, हे १९८७ साली कळले. म्हणून शाकाहारी घरातही दूधभातावर त्याचे पथ्य भागत नाही.

आता सर्वांत कठीण भाग. पथ्य मनीचे खरे, पण ते पाळावयाचे असते घरातील सर्वांनी. धाकट्याने मायेने टाकलेला बिस्किटाचा तुकडा, शेजारणीने ठेवलेली दुधाची बशी, मनीने स्वतः पकडलेला उंदीर, यांपैकी एकानेही सारा प्रयोग विटाळतो. म्हणून त्या काळात तिला घरातच ठेवावे, आणि वहीत रोज लिहावे: काय खाल्ले, किती खाजविले, ओकारी झाली का.

आठ आठवड्यांनी मनी बरी झाली, तरी प्रयोग संपला नाही. ऋतू पालटल्यामुळेही खाज थांबली असेल! म्हणून पशुवैद्याच्या सांगण्यावरून जुने अन्न पुन्हा द्यावे. ते बाधत असेल, तर बहुधा दोन आठवड्यांच्या आत खाज परतते. मग पथ्य पुन्हा सुरू करावे. ती शमली, की संशयाचे ज्ञान झाले. त्यानंतर एकेक पदार्थ वेगळा देऊन नेमका अपराधी हुडकता येतो. बरे झालेल्या जिवाला पुन्हा थोडा त्रास देणे क्रूर वाटेल. परंतु ही पायरी गाळली, तर निर्दोष अन्नापासून त्याला जन्मभर वंचित ठेवण्याचा संभव असतो.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत तुम्ही हेच शिकता: एका वेळी एकच गोष्ट बदला, पुरेशी वाट पाहा, नोंद ठेवा आणि उलटून पाहा. तुमच्या घरी अशी एखादी मनी खाजवीत बसली असेल, तर आज तिची ताटली बदलण्याची घाई करू नका. आधी एक कोरी वही घ्या, आणि ती घेऊन पशुवैद्याकडे जा.