राउंडला तोंड उघड

वर्गाची प्रतिनिधी म्हणून तुझं नाव निघालं आणि तू ‘मला नको, दुसरीला करा’ म्हणालीस, हे आईनं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिच्या लेखी पोरगी शहाणी निघाली. आपल्या नेसरीकडं पोरीनं पुढं पुढं केलेलं अजून फारसं रुचत नाही. नर्सिंगला घातलं तेच पुष्कळ, वर पुढारपण कशाला! आईचं मी बघते. तुझ्याशी मात्र जरा निवांत बोलायचंय.

प्रतिनिधी म्हणजे मॅडमचा निरोप ग्रुपवर टाकायचा, १२ मेला परिचारिका दिनाची रांगोळी काढायची आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायचा, असं तुला वाटत असेल. बऱ्याच ठिकाणी तेवढंच चालतं, खोटं कशाला बोलू? पण ज्या नाइटिंगेलच्या नावानं आपण दिवा लावतो, तिचं मोठं काम आकड्यांचं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनंच जास्त मेले, हे तिनं १८५८ मध्ये तक्ते काढून सरकारला दाखवून दिलं. दिवा सगळ्या लावतात, तक्ता कुणी काढत नाही.

आमच्या वॉर्डात एक आजी चक्कर येऊन पडल्या म्हणून दाखल झाल्या. रक्तातली साखर फार उतरलेली. राउंडला डॉक्टरांनी विचारलं, “गोळी रोज घेता?” “व्हय.” “वेळेवर?” “व्हय.” दोन्ही उत्तरं खरी. दुपारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बीपीचा पट्टा बांधता बांधता सहज म्हणाली, “आजी, गोळीवर खाता काय?” आजी म्हणाल्या, “च्या पितो की. भाकरी रानातनं आल्यावर.” म्हणजे साखर उतरवणारी गोळी सकाळी सातला आणि पहिला घास दुपारी एकला! फाइलीत बीपी होतं, साखर होती, भाकरीची वेळ कुठंच नव्हती. मुलीनं आधी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं आणि त्यांनी तिलाच दुसऱ्या दिवशी राउंडला बोलायला लावलं. आवाज कापत होता, पण बोलली. गोळीची वेळ बदलली.

हे तिलाच का कळलं? डॉक्टरांच्या वाट्याला एका खाटेपाशी दोन-चार मिनिटं येतात, स्टाफ सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असतो. केस स्टडीसाठी एकाच पेशंटजवळ तासभर बसायला मिळतं ते फक्त तुम्हा विद्यार्थिनींना.

बोलायचं कसं, त्याची एक रीत आहे. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं, याच क्रमानं चार वाक्यं. तुमच्या पुस्तकात ती ‘एसबार’ म्हणून असेल. मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, नंतर दवाखान्यांनी उचलली. आरशापुढं म्हणून बघ, हसू येईल, पण राउंडला जीभ अडखळणार नाही.

आता वर्गाच्या तक्रारींचं. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर फौजेची वाट न बघता सहा स्वार घेऊन बहलोलखानावर तुटून पडले, हे ऐकतच आपण वाढलो. अभिमान आहेच. पण हॉस्टेलच्या पाण्यासाठी किंवा रात्रपाळीच्या गाडीसाठी असं एकटीनं तुटून पडायचं नाही. पाणी कधी आलं नाही, गाडी किती उशिरा आली, तारीखवार वहीत टिपून ठेव. मग अर्ज, सगळ्यांच्या सह्या, आवक शिक्का मारलेली प्रत आपल्याजवळ. कॉलेजात ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या विद्यार्थी संघटनेची, एसएनएची, शाखा असेल तर विषय तिथं मांड. ही संघटना १९२९ पासून आहे आणि ती फक्त नाचगाण्यांसाठी काढलेली नाही.

इंटर्नलचे मार्क मॅडमच्याच हातात आहेत, ही तुझी भीती खरी आहे. म्हणून तर सह्या सगळ्यांच्या. पण पेशंटच्या जिवाशी गाठ असेल तर सह्या गोळा करत बसू नकोस, तिथल्या तिथं बोल. आणि एक, पेशंटचा फोटो काढून स्टेटसला लावणं म्हणजे त्याची बाजू घेणं नव्हे. असलं करणाऱ्या पोरींची मला मनापासून चीड येते.

बाजू घेणं म्हणजे काय, ते अरुणा शानबाग या नर्सच्या गोष्टीत दिसतं. ती गोष्ट तुम्हाला कुणी सांगतं की नाही, माहीत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर अत्याचार झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. मुंबईतल्या परिचारिकांनी त्या वेळी संप केला. पुढं १९८० च्या दशकात महापालिकेनं तिला तिथून हलवायचं दोनदा ठरवलं, तेव्हा केईएमच्या सिस्टर आडव्या आल्या आणि पालिकेला बेत सोडावा लागला. १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर चाळीसहून जास्त वर्षं त्यांनीच तिला सांभाळलं. त्यातल्या कित्येकींनी तिला धडधाकट कधी पाहिलंही नव्हतं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झाला. त्यात प्रशिक्षणार्थीही धरलेत, म्हणजे वॉर्डात पोस्टिंगला आलेली तूसुद्धा. तक्रार समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचा, असंही त्यात आहे. उद्या ड्यूटीला जाशील तेव्हा नोटीस बोर्ड नीट वाच. आदेश नसला, किंवा असला पण त्यातल्या मॅडम कधीच्याच रिटायर झालेल्या असल्या, तर प्रतिनिधी म्हणून पहिलं पत्र त्याचंच लिही. मसुदा मला पाठव, मी बघून देते.