उसण, हाडवैद्य आणि एचआयव्हीचा रुग्ण



लागण असो की तोड, ऊसवाल्याच्या पाठीला सुटका नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्याची कंबर काय, किंवा पाठीला पंप बांधून फवारणाऱ्याचे खांदे काय, कधी ना कधी दुखणारच. उसण भरली की आपल्या एकलहरे शिवारात पहिली आठवण होते ती पायाळू माणसाची. त्याने पाठीला पाय लावला म्हणजे काम झाले. तेवढ्याने भागले नाही तर हाडवैद्य आहेच.

परदेशात याच्या जवळचा एक प्रकार कायरोप्रॅक्टिक या नावाने चालतो. अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी तो 1895 साली सुरू केला. हाताने झटका देऊन मणका मोकळा करायचा, असे त्याचे स्वरूप. आता मुंबई-पुण्याकडेही असे दवाखाने निघाले आहेत, आणि मान कडकड मोडल्याची चित्रे पोरे मोबाईलवर हौसेने बघतात. साध्या कंबरदुखीत यामुळे काहींना आराम पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या पाठीची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच आज सांगायची आहे.

आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून एआरटीची औषधे फुकट मिळू लागली ती 1 एप्रिल 2004 पासून. तेव्हापासून हा रोग असलेली माणसे नियमित गोळ्या घेऊन वर्षानुवर्षे जगतात, शेती करतात, पोरांची लग्ने लावतात. साहजिकच त्यांचीही कंबर धरते. मात्र ते दुखणे नुसती उसण असेलच असे नाही.

सर्वांत मोठी भीती मणक्याच्या क्षयाची. एचआयव्ही असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटीने जास्त असतो, आणि क्षय काही फक्त छातीतच होतो असे नाही. मणक्यात शिरला की हाड आतून पोखरते, उसाला खोडकिडा लागावा तसे. वरून कांडे धड दिसते, आत भुगा. अशा मणक्यावर कुणी पाय दिला किंवा झटका मारला, तर तो ढासळून मज्जारज्जूवर दाब येतो आणि चालता माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. तेव्हा पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे, पडून राहिले तरी न थांबणारी कळ यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी. पायांत जोर उरला नाही किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे.

एआरटीतील टेनोफोव्हिर या औषधाने हाडांची घनता थोडी कमी होते. म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नयेत, फक्त डॉक्टरांना दुखणे सांगावे. काही जण हाडासाठी परस्पर कॅल्शियमच्या गोळ्या आणतात. त्यात एक अडचण आहे. हल्ली बहुतेकांना मिळणारे डोल्युटेग्रॅव्हिर उपाशीपोटी कॅल्शियमबरोबर घेतले तर अंगी नीट लागत नाही. दोन्ही जेवणासोबत घ्यावीत, किंवा एआरटीची गोळी कॅल्शियमच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनी घ्यावी. लोहाच्या गोळ्यांचेही तेच. हाडवैद्याच्या पुडीत काय आहे हे तो सांगत नसेल, तर ती पुडी घेऊच नये.

मणका दाबून अंगातला विषाणू कमी होतो, असे कुणी सांगितले तर खुशाल उठून यावे. तसा पुरावा नाही. विषाणूवर एआरटीच चालते.

आता दुसरी बाजू. या माणसाला मालिश करायला काही जण कचरतात. त्याची गरज नाही. स्पर्शाने, घामाने, एका खाटेवर बसल्याने हा रोग लागत नाही. जखम असेल तर ती झाकावी, एवढेच. फासण्या मारून तुंबडी लावण्याचा प्रकार मात्र नको, तिथे रक्त येते आणि पाते एकाचे दुसऱ्याला वापरले जाते. एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणे तर 2017 च्या कायद्याने बंद केले आहे. तो कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे.

आपल्या भागासाठी नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. पाठीचे दुखणे तिथेच आधी सांगावे. क्षय नाही असे ठरले, की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत, शेक घ्यावा, हलकी मालिशही चालेल. बाहेरगावाहून येणाऱ्या तोडणी मजुरांपैकी कुणी या गोळ्या घेत असेल, तर हंगामाला निघतानाच गावाकडच्या केंद्रातून बदलीचा कागद किंवा जादा महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही. काही विचारायचे असल्यास 1097 या क्रमांकावर फोन फुकट लागतो, नाव सांगावे लागत नाही.