बोक्याला शुगर निघाली, आता?

प्रश्न : आमचा बोका नऊ वर्षांचा, चांगला धष्टपुष्ट. मे महिन्यात तो सारखा पाण्याच्या भांड्याशी दिसायला लागला. आम्ही म्हटलं, जळगावचं ऊन आहे, पिणारच. पण पाऊस सुरू झाला तरी तहान भागेना, आणि पोटभर खाऊनही तो वाळत चालला. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि रोज दोन वेळा इन्सुलिन द्यायला सांगितलं. गोडाला तो कधी तोंड लावत नाही, मग शुगर झाली कशी? घरात सासऱ्यांनाही मधुमेह आहे. त्यांच्या गोळ्या चालणार नाहीत का? इंजेक्शन घरी कसं द्यायचं? आणि हे आता जन्मभर का?
— एक वाचक, पिंप्राळा, जळगाव

उत्तर : घरात एक मधुमेही असला की सगळं घर त्या विषयात निम्मं डॉक्टर होतं. तुमच्या प्रश्नांमध्येही तो अनुभव डोकावतो आहे. त्यातला थोडा बोक्याला उपयोगी पडेल, पण बराचसा बाजूला ठेवावा लागेल. एकेक मुद्दा घेऊ.

आधी गोडाचं. बोका गोड खात नाही, यात त्याचा संयम काही नाही. त्याला गोड चव कळतच नाही. ही चव ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरांमध्ये निकामी असतं, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. पण मधुमेह व्हायला गोड खावंच लागतं असं नाही. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या ‘टाइप २’सारखा असतो. वजन वाढलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवत राहतं आणि शेवटी थकतं. वय झालेले, नसबंदी झालेले, घरातच लोळणारे जाडजूड बोके यात जास्त सापडतात. खाजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनंही कधी कधी कारण ठरतात. तसं झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तहानेला ऊन जबाबदार धरलं, ही गफलत खान्देशात कोणाचीही होईल. पण उन्हाने तहान वाढते. खाऊन-पिऊन वजन उतरत नाही. मधुमेहात रक्तातली साखर एका मर्यादेपलीकडे गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. माणसात ही मर्यादा साधारण १८० असते, मांजरात २५०च्या पुढे. लघवीत उतरलेली साखर पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते आणि मागोमाग तहान. इकडे पेशींना साखर मिळत नाही, म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळतं. तेव्हा पाणी कमी करून लघवी आटोक्यात आणायचा विचारही करू नका.

दवाखान्यातला एकच आकडा पाहून मात्र कोणी मांजराला मधुमेही ठरवू नये. पिशवीत कोंबून रिक्षातून नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने तीनशेच्या पुढे जाऊ शकते. म्हणून लघवीतली साखर, लक्षणं आणि फ्रुक्टोसामिन ही आधीच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज देणारी तपासणी, असं सगळं मिळून निदान करतात.

आता सासऱ्यांच्या गोळ्या. त्या त्यांनाच राहू द्या. मेटफॉर्मिनचा मांजरांना फारसा उपयोग होत नाही. त्याच गोळीत ग्लिमेपिराइड असेल तर साखर एकदम खाली कोसळू शकते. मांजरांसाठीची पहिली गोळी, बेक्साग्लिफ्लोझिन, अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाली. तीही आधी इन्सुलिन न घेतलेल्या, एरवी धडधाकट मांजरांसाठीच. या गटाच्या माणसांच्या गोळ्या आपल्याकडेही घरोघरी आहेत, पण त्यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचू शकतं. कारल्याचा रस आणि मेथीची पूडही नको.

सगळ्यात मोठा धोका मात्र सिरिंजचा आहे. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या : चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. मांजरांना बरेचदा दिलं जाणारं ग्लार्जिन हे इन्सुलिन सहसा शंभरचं असतं. ते घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने एका रेघेपर्यंत भरलं, तर एकाऐवजी अडीच युनिट जातात. माणसाच्या डोसात हा फरकही वाईटच, पण मांजराची सुरुवातच एक-दोन युनिटांची असते. तिथे तो जिवावर बेतू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग रोज जुळवा, आणि बोक्याच्या सिरिंज वेगळ्या डब्यात ठेवा.

इंजेक्शन वाटतं तितकं अवघड नाही. बोका खायला बसला की कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचला. खाली छोटा तंबू होतो, त्यात बारीक सुई अलगद घाला. बऱ्याच मांजरांचं ताटलीतून लक्षही उडत नाही. वेळ मात्र पाळा : सकाळी सात तर संध्याकाळीही सात. सुई हलून औषध केसांवर सांडलं तर ‘राहिलेलं’ म्हणून पुन्हा टोचू नका. एखादा डोस कमी पडला तर एक दिवस साखर चढेल, एवढंच. दुप्पट डोस मात्र जीव घेऊ शकतो. बोका जेवलाच नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरलेला डोस देऊ नका.

खाण्यात भात, पोळी, दूध-भाकरी बंद. पिठूळ पदार्थांची साखरच होते, आणि दुधातही साखर असतेच. कोरड्या खाद्याच्या गोळ्या बांधायलाही पीठ लागतं, म्हणून ओलं, मांसाचं, कमी पिठाचं खाद्य बरं. नुसतं उकडलेलं चिकन चव म्हणून ठीक, पण त्यावर कायमचं भागत नाही. आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यातलं तर नकोच, कारण कांदा-लसूण मांजराला विषारी. शाकाहारी घरांची इथे अडचण होते, पण मांजराला लागणारं टॉरिन मांसाहारातूनच मिळतं. त्यांनी पाकिटातलं तयार ओलं खाद्य आणावं. खाद्य बदलताना डॉक्टरांना आधी कळवा, कारण पीठ कमी झालं की इन्सुलिनही कमी लागतं. आणि वजन उतरवायला उपास नको. काही दिवस उपाशी राहिलेल्या जाड मांजराचं यकृत बिघडतं.

मधुमेह म्हटलं की आपण वाढलेल्या साखरेला भितो. इन्सुलिनवरच्या मांजराच्या बाबतीत आधी भ्यावं ते घटलेल्या साखरेला. बोका झोकांड्या खाऊ लागला, नजर हरवली, अंग थरथरलं किंवा झटके आले, तर मधाचं किंवा ग्लुकोजच्या घट्ट पाण्याचं बोट हिरड्यांवर चोळा आणि तडक दवाखाना गाठा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. झटका चालू असेल तर बोट दातांपासून लांब ठेवा. उलट खाणं सुटलं, उलट्या आणि मरगळ आली, तर त्याच दिवशी दाखवा. ते आम्ल साचल्याचं लक्षण असू शकतं.

धुळ्याच्या देवपूरमधून याच विषयावर विचारणा आहे : वीज तासन्‌तास गेली तर इन्सुलिनचं काय? फ्रिजचं दार बंद ठेवलं तर काही तास चिंता नाही. उघडलेलं ग्लार्जिन ३० अंशांखाली चार आठवडे टिकतं, पण मे महिन्यात आपल्या खोल्या त्याहून कितीतरी तापतात. तेव्हा मातीच्या कुंडीत ओली वाळू भरून त्यात झाकणाच्या डब्यात बाटली ठेवा आणि कुंडी वारं लागेल अशा सावलीत ठेवा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे हा उपाय इथे चांगला चालतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

राहिला प्रश्न जन्मभराचा. इथे मांजराचं नशीब माणसापेक्षा बरं असू शकतं. लवकर इन्सुलिन सुरू झालं, पीठ बंद झालं आणि वजन हळूहळू ताळ्यावर आलं, तर काही मांजरांचं स्वादुपिंड सावरतं आणि पहिल्या काही महिन्यांतच इन्सुलिन सुटतं. म्हणूनच जुना डोस डोळे मिटून चालू ठेवणंही धोक्याचं. एका वहीत रोजचं खाणं, पाणी, डोस आणि आठवड्याचं वजन लिहा. जमल्यास कानाच्या कडेला बारीक टोचून साखर घरीच मोजा. माणसांचा ग्लुकोमीटर मांजरात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, हे धरून चाला. डोस मात्र स्वतः बदलू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, इन्सुलिन कमी करायची वेळ आली का ते तिच्यावरूनच ठरेल.