मेंदूज्वर होऊन गेलाय, बोटॉक्स चालेल का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला होता. नगरला बारा दिवस दवाखान्यात होती. आता तिला कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स घ्यायचंय. मेंदूला पुन्हा सूज येईल का, या काळजीनं आईला झोप नाही.
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : आईंना आधी सांगा, बोटॉक्सनं मेंदूला सूज येत नाही. मेंदूज्वर बहुतेकदा विषाणूंमुळे होतो. त्यातल्या एकाचं नावच आपल्या राज्यातलं आहे : चांदीपुरा. १९६५ साली नागपूरच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना तो सापडला. २००३ मध्ये त्यानं आंध्र आणि महाराष्ट्रात कितीतरी लेकरं नेली. तो पसरवते वाळूमाशी.

बोटॉक्सचं काम निराळं. एका जिवाणूचं हे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, मग स्नायू सैल पडतो. तीन-चार महिन्यांत तो पूर्ववत होतो. मेंदूज्वरातून वाचलेल्या ज्या मुलांचे हातपाय ताठ राहतात, त्यांना तर डॉक्टर हेच इंजेक्शन मुद्दाम देतात.

म्हणजे बिनघोर घ्यावं, असं मात्र नाही. आजारानंतर तिला गिळायला त्रास होतो का, एखादी बाजू अशक्त राहिली आहे का, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे का, जेंटामायसिनसारखं औषध चालू आहे का, दिवस गेले आहेत का, हे सगळं तिनं आपणहून डॉक्टरांना सांगावं. जुने कागद सोबत न्यावेत. आणि इंजेक्शन घ्यायचं ते त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडेच. पार्लरमध्ये, लग्नाच्या पॅकेजमध्ये मुळीच नको. बनावट कुप्यांनी २०२४ मध्ये अमेरिकेत माणसं दवाखान्यात गेली. कुपी आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच कसला?

आठ्यांसाठी साधारण २० युनिट पुरतात. एवढ्या मात्रेत विष दूरवर पसरणं फार दुर्मीळ आहे. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ पासून त्याचा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला आहे.

विष पसरणं आणि मेंदूज्वर यांतला फरक सांगणारी एक खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. विष पसरलं तर पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, आवाज बसतो, घास उतरत नाही, श्वास अपुरा पडतो. पण ताप नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. मेंदूज्वरात उलटं : ताप, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, झटके, गुंगी. विष पसरल्याचे त्रास काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून घरात सगळ्यांना ठाऊक असावेत. यातलं कुठलंही दिसलं तर पार्लरला किंवा क्लिनिकला फोन करत बसू नका, १०८ लावा आणि इंजेक्शनची तारीख तिथल्या डॉक्टरांना सांगा. ताप आणि गुंगी असेल तर तो इंजेक्शनचाच परिणाम म्हणून घरी थांबणं सगळ्यांत घातक, कारण खऱ्या मेंदूज्वरात एकेक तास मोलाचा असतो.