मूक रुग्णाची वेदना

भोर व वेल्हे परिसरात भाताच्या चिखलणीचे दिवस आले की औषधालयात हमखास एक मागणी येते : ‘‘डॉक्टर, बैलाचा खांदा सुजलाय, काहीतरी तेल द्या.’’ तेल दिले जाते. परंतु बैलास ‘दुखते’ म्हणजे त्याला आपल्यासारखी जाणीव होते काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या प्रथम अध्यायात आत्म्याची लिंगे सांगितली आहेत. इच्छा, द्वेष, सुख, दुःख, प्रयत्न, स्मृती ही त्यांपैकी होत. हीच कसोटी बैलास लावून पाहावी. सुजलेल्या खांद्यास हात लागताच तो अंग चोरतो. ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असे म्हणता येईल. परंतु दुसऱ्या दिवशी जू नुसते दिसताच, स्पर्शापूर्वीच, तो मागे सरतो. येथे कालच्या दुःखाची स्मृती आहे आणि तीतून उपजलेला द्वेषही आहे.

तो बोलत नाही, हा आक्षेप वैद्याने तरी घेऊ नये. दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांपैकी प्रश्नपरीक्षा तान्ह्या बालकातही साधत नाही. म्हणूनच काश्यपसंहितेत वेदनाध्याय आला. कर्णशूल असलेले बालक हातांनी कान चाचपते व डोके फिरवते. अशा चेष्टांवरून वेदना ओळखण्याचा उपदेश तेथे आहे.

आधुनिक शास्त्रही याच दिशेने आले आहे. जाणिवेस आधारभूत असणारी मज्जारचना सर्व सस्तन प्राणी व पक्षी यांच्यातही आहे, असे २०१२ च्या केंब्रिज घोषणापत्रात शास्त्रज्ञांनी नमूद केले. २०२४ च्या न्यूयॉर्क घोषणापत्राने त्यास दुजोरा दिला.

व्यवहारात याचा अर्थ काय? तेल मागणाऱ्यास औषधविक्रेत्याने तीन प्रश्न विचारावेत : वैरण खातो का, रवंथ करतो का, जू पाहून मागे सरतो का? वैरण वा रवंथ कमी झाले असल्यास विलंब न करता पशुवैद्यकाकडे पाठवावे. खांदा बरा होईपर्यंत जू ठेवू नये, हेही स्पष्ट सांगावे. जखमी वा आजारी जनावर कामास जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ अन्वये अपराध आहे.

लावणी खोळंबते ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु वेदना शमवून बैल त्याच दिवशी जुंपणे म्हणजे औषध रुग्णाविरुद्ध वापरणे होय. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करणाऱ्या शेतकऱ्यास बैलाचा खांदा दुखतो हे ठाऊक असते. त्या जाणिवेस शास्त्राचा आधार देणे, हे आपले काम आहे.