वाट पाडणं सोपं, वाट राखणं अवघड
(चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात सायकल ट्रेल्सचं जाळं : एक छोटा अभ्यास)

मित्रांनो, मराठीत आपण वाट बघतो, वाट लावतो, कुणाच्या वाटेला जात नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाट चुकतो. पण वाट 'राखण्या'बद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

हॉस्टेलच्या स्टँडवर हल्ली गिअरच्या सायकली बऱ्याच दिसतात. मेसमध्ये विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, "आपल्याकडे तर जंगलच जंगल! मग परदेशात असतात तशा सायकल ट्रेल्स इथे का करत नाहीत?" प्रश्न चांगला आहे. उत्तर देताना मात्र सिव्हिलची पुस्तकं, वनखात्याचे नियम आणि गावातली माणसं या तिघांनाही विचारावं लागतं.

१) ट्रेल म्हणजे छोटा रस्ता नव्हे

रस्ता आपल्याला कुठेतरी पोचवतो. ट्रेलवर माणूस हौसेने जातो आणि बहुतेक वेळा निघाला तिथेच परत येतो. म्हणून ट्रेलचं जाळं आखताना एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत रेघ ओढत नाहीत. एक गाव मध्यभागी धरायचं आणि तिथून पाच, दहा, वीस किलोमीटरचे फेरे काढायचे. नवख्याने छोटा फेरा मारावा, सरावलेल्याने मोठा. दोन गावांचे फेरे एखाद्या ठिकाणी जोडले की 'जाळं' तयार होतं. पाणी, पंक्चर, चहा, प्रथमोपचार हे सगळं मधल्या गावात. म्हणजे पैसाही तिथेच राहतो.

२) वाटा आधीच आहेत

नवीन वाट पाडायची गरजच नाही, हा माझा पहिला मुद्दा. आपल्या दोन जिल्ह्यांत वाटांचा तुटवडा नाही. शेतशिवारात बैलबंडीच्या पांदणी आहेत. जंगलात बांबू आणि लाकूड काढायच्या जुन्या गाडीवाटा आहेत, मोहाला जायच्या पायवाटा आहेत. शिवाय वनविभागाच्या जाळरेषा आहेत. जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून, जाळून मोकळी ठेवलेली पट्टी. उन्हाळ्यापूर्वी दरवर्षी त्या साफ कराव्या लागतात.

कायद्याच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचं. राखीव जंगलात झाडं तोडून नवीन वाट काढायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याचा प्रश्न येतो. अभयारण्यात पाय ठेवायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. गाभ्यात सायकल हा विषयच नाही, तो डोक्यातून काढून टाका. बोलायचं ते गाभ्याबाहेरच्या शेतशिवाराबद्दल आणि गावालगतच्या वाटांबद्दल, आणि तेसुद्धा वनविभागाला सोबत घेऊन.

३) पहिला शत्रू : पाणी

ट्रेल सायकलच्या चाकाने जेवढी खराब होत नाही तेवढी पाण्याने होते. आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल गेली की ती वाट राहत नाही, नाला होते. पहिल्या पावसात चाकोरी पडते, दुसऱ्यात चाकोरीतून पाणी धावतं, तिसऱ्या वर्षी तिथे घोट्याएवढी घळ असते.

१९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने यासाठी काही सोपे नियम रूढ केले. त्यातला एक म्हणजे 'निम्म्याचा नियम'. टेकडीच्या बाजूचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको. बाजूचा उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. का? कारण वाट याहून तीव्र झाली की पाणी तिला ओलांडून खाली जाण्याऐवजी तिच्यातूनच पळायला लागतं. दुसरा नियम म्हणजे वाटेची सरासरी चढण १० टक्क्यांच्या आसपासच ठेवायची. आणि तिसरा : चढत्या वाटेला मधूनमधून थोडा उलटा उतार द्यायचा, म्हणजे पाणी तिथे थांबून बाजूला निघून जातं.

पण हे नियम डोंगराळ मुलखातले. आपल्याकडे सातबहिणीच्या टेकड्यांसारखे काही भाग सोडले तर बरीच जमीन सपाट. आणि सपाट जमिनीवर पाणी धावत नाही, बसून राहतं. त्यात काळी माती असेल तर विचारूच नका, चाकाला चिकटून ब्रेकमध्येच बसते! अशा ठिकाणी वाट बाजूपेक्षा वीतभर उंच करायची, दोन्ही अंगांना चर काढायचे, वर मुरूम दाबायचा, मध्यभागी किंचित फुगवटा ठेवायचा. यात नवं काही नाही. गावातल्या कुठल्याही जाणत्या शेतकऱ्याला धानाच्या बांधावरून हे ठाऊक असतं. आपण फक्त त्याला 'कँबर' म्हणतो.

४) वळणापलीकडे कोण आहे?

आता खरा कठीण भाग. २०१६ साली अमेरिकेत मोंटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ, एक सायकलस्वार जंगलातल्या वळणावर थेट अस्वलावर जाऊन आदळला आणि त्या हल्ल्यात गेला. सायकलीचा वेग आणि पुढचं न दिसणं, या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या. चालणारा माणूस बोलत, पाय वाजवत जातो. सायकल मात्र गुपचूप आणि वेगात येते. जनावराला सावध व्हायला वेळच मिळत नाही.

हायवे इंजिनिअरिंगमध्ये आपण 'थांबण्यासाठी लागणारं दृष्टी-अंतर' शिकतो. ते इथे लावून बघू. माणसाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ अडीच सेकंद धरतात. सुट्या मुरमावर घर्षणाचा गुणांक ०.२५ धरू.

ताशी २० किलोमीटर वेगाला : अडीच सेकंदांत सुमारे १४ मीटर, ब्रेक लागल्यावर सुमारे ६ मीटर, एकूण २० मीटर.
ताशी ३० किलोमीटरला : सुमारे २१ अधिक १४, एकूण ३५ मीटर.

म्हणजे वेग दीडपट झाला तर लागणारं अंतर जवळजवळ पावणेदोनपट! आता ऑक्टोबरमधल्या रानाची कल्पना करा. घाणेरी, तरोटा, बांबू, दहा मीटरपलीकडचंही दिसत नाही. तिथे २० च्या वेगानेसुद्धा सायकल चालवणं चूक आहे. मग उपाय दोनच. वळणाच्या आतल्या बाजूचं झुडूप छाटून पुढचं दिसेल असं करायचं, आणि वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवून वेग वाढूच द्यायचा नाही. या दोन्ही गोष्टी फक्त एकदा करून भागत नाही. झुडूप दर पावसाळ्यात परत येतं.

आणि आपल्याकडे प्रश्न फक्त अस्वलाचा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार गेला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्तीही फिरताहेत.

इथे थांबून विचार करायला हवा. ज्या रानात पोटासाठी जाणाऱ्या बाईचा जीव जातो, त्याच रानात आपण हौसेखातर सायकल फिरवायची? मला वाटतं, याचं उत्तर सरसकट 'नाही' असं नाही. पण एक अट आहे. ट्रेलचा फायदा आधी त्या बाईला झाला पाहिजे. वळणावरचं झुडूप छाटलं तर मोहाला जाणारीलाही पुढचं दिसलं पाहिजे. वाघाचा माग दिसला म्हणून ट्रेल बंद केली, तर तो निरोप सायकलवाल्यांच्या ग्रुपवर जाण्याआधी गावात गेला पाहिजे. हे होत नसेल तर ट्रेल करूच नये.

५) वाट कुणाची?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात 'किंगडम ट्रेल्स' नावाचं प्रसिद्ध जाळं आहे. १९९४ मध्ये सुरू झालं, वाढत वाढत शंभर मैलांच्या वर गेलं. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक वाटा खाजगी जमिनीवरून जातात. सुमारे शंभर जमीनमालक आपल्या खुशीने लोकांना जाऊ देतात. पण गर्दी वाढली, गावकरी वैतागले आणि डिसेंबर २०१९ मध्ये तीन मालकांनी आपल्या जमिनीवर सायकलला बंदी केली. तिघांच्या एका निर्णयाने जाळ्याचे महत्त्वाचे धागे तुटले. धडा असा की ट्रेल मुरमावर जेवढी उभी असते तेवढीच ती लोकांच्या मर्जीवर उभी असते.

आपल्याकडे तो 'मालक' म्हणजे बऱ्याच ठिकाणी ग्रामसभा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपलं सामूहिक जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. म्हणजे इथे नकाशा घेऊन कलेक्टर कचेरीत जाण्याआधी ग्रामसभेत बसावं लागेल. देवराई कुठे आहे, कोणत्या वाटेने गुरं जातात, कुठल्या नाल्यावर वाघीण पिल्लं घेऊन येते, हे सॅटेलाइटच्या नकाशात दिसत नाही. आणि ग्रामसभा नाही म्हणाली तर? तर नाही! तो विषय तिथेच संपला.

६) वर्षाचं वेळापत्रक

ट्रेल बारा महिने उघडी ठेवायचा हट्ट नको. इथल्या ऋतूंप्रमाणे साधारण असं बसतं :

• मेअखेर : चर, मोऱ्या मोकळ्या करणे.
• जून ते सप्टेंबर : पूर्ण बंद. ओल्या मातीत एकाने पाडलेली चाकोरी वर्षभर छळते.
• ऑक्टोबर : पाहणी. पडलेली झाडं, वाहून गेलेला मुरूम, वाढलेलं रान.
• नोव्हेंबर : धान कापणी. पांदणीवर पहिला हक्क बैलबंडीचा आणि ट्रॅक्टरचा.
• डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य : खरा हंगाम. तोही सकाळी आठ ते दुपारी चार.
• १५ फेब्रुवारीनंतर : वणव्याचा हंगाम, मग मोह, मग तेंदू. जंगलालगतचे फेरे बंद. उन्हाचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तसंही कोण सायकल काढणार!

म्हणजे हौसेचे महिने जेमतेम अडीच-तीन, आणि कामाचे महिने त्याहून जास्त.

७) हिशेब कामाचा

समजा २० किलोमीटरचा एक फेरा आहे आणि दर ५० मीटरला पाणी बाहेर काढणारा एक चर. म्हणजे ४०० चर. एका माणसाने दिवसात २० चर साफ केले तर २० दिवस. पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, म्हणजे ४० मजुरी-दिवस. यात छाटणी, पाट्या, मुरूम धरलेला नाही. उद्घाटनाला नारळ फोडायला सगळे येतात. या ४० दिवसांची मजुरी कुठून येणार, हे ज्या प्रकल्प अहवालात लिहिलेलं नसेल तो अहवाल अर्धाच समजावा. माझ्या मते फी घ्यावी, ती ग्रामसभेच्या खात्यात जावी आणि तिच्यातून आधी ही मजुरी वेगळी काढावी, बाकीचं नंतर.

फुकट श्रमदानाने हे होईल का? थोडंफार होईल. आपल्या चंद्रपुरातच उदाहरण आहे. शहराभोवतीच्या गोंडकालीन परकोटावर झाडं-झुडपं माजली होती. मार्च २०१७ पासून 'इको-प्रो'च्या कार्यकर्त्यांनी तो साफ करायला घेतला आणि एक-दोन रविवार करून सोडला नाही, शेकडो दिवस सलग काम केलं. त्याची दखल ऑक्टोबर २०१७ मध्ये 'मन की बात'मध्येही घेतली गेली. पुढे त्याच परकोटावर हेरिटेज वॉक सुरू झाले. आधी राखण, मग फिरणं. क्रम लक्षात घ्या.

८) सुरुवात कुठून?

घनदाट जंगलातून तर नक्कीच नाही. वैनगंगेकाठी मार्कंडा देवस्थानाच्या आसपासच्या पांदणी, किंवा भद्रावतीची विजासन लेणी, भद्रनाग मंदिर आणि जैन मंदिर जोडणारा छोटा फेरा, असं काहीतरी आधी घ्यावं. बघायला आहे, गाव जवळ आहे, बहुतेक भाग उघडा आहे. तिथेही त्या बीटच्या वनरक्षकाला विचारल्याशिवाय काही ठरवू नये. असा एक फेरा तीन पावसाळे नीट टिकला, तर दुसरा जोडावा. जाळं असंच विणतात, एकेक गाठ पक्की करत.

तेव्हा मित्रांनो, सिव्हिलच्या मुलामुलींनी या सुट्टीत एक काम करून बघायला हरकत नाही. आपल्या गावाची एक पांदण निवडा. टेप, लेव्हल पाइप आणि वही घ्या. कुठे पाणी साचतं, कुठे उतार दहा टक्क्यांच्या वर जातो, कुठल्या वळणावर वीस मीटरपुढचं दिसत नाही, ते लिहा. सोबत गावातला एखादा म्हातारा काका घ्या, तो तुम्हाला तीस पावसाळ्यांचा डेटा तोंडी देईल. आणि हो, त्या दिवशी सायकल घरीच ठेवा. वाट पायांनी कळते, चाकांचा नंबर नंतर लागतो.